दोन बोटं कमी

मी परत ओढलं.

गाडीच्या कापडी हूडची पुढची लाकडी पट्टी समोरच्या काचेच्या चौकटीवर जाऊन बसायला पाहिजे. मग दोन बाजूंच्या दोन खिट्ट्या आकड्यात अडकवायच्या, दाबायच्या, खट्ट. एवढंच राहिलं होतं. मी त्या जुन्या मॉरिसच्या पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसलेलो, दोन्ही हात पट्टीवर, दात आवळलेले. पट्टी चौकटीच्या अलीकडंच थांबली. पुढं येईना.

फटीत बोटं घालून बघितली. उजवीकडं दोन बोटं आत गेली. डावीकडं सरकलो. तिकडंही दोन.

बुधवार होता. बारा वाजत आलेले. रविवारी सकाळी सातला ही गाडी निघणार होती.

"झालं काय रे?" शेडच्या बाहेरनं भूपालकाकांचा आवाज आला.

मी हूड झटकन मागं ढकलला. "होतंय काका. कापडाला जरा बसू द्यायला लागतंय."

कापडाला बसू द्यायला लागतं असं काही नसतं. ते आपलं तोंडातनं आलं. पुढचे चार दिवस मी त्याच एका वाक्यावर काढले.

ह्याला आता सात वर्षं झाली. मी बावीसचा होतो, जयसिंगपुरात रिक्षांचे हूड शिवायचो. मधनंच ट्रॅक्टरची सीट, टेम्पोची ताडपत्री. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. उसवून शिकलो. फाटका हूड आला की तो शिलाई न् शिलाई उसवायचा, तुकडे नव्या कापडावर अंथरायचे, कडेनं खडू फिरवायचा आणि कापायचं. मला कुणी 'कुठं शिकलास?' विचारलं की मी म्हणायचो, 'जुन्याकडनं.' लई भारी वाटायचं असं म्हणायला.

आता रिक्षाचा हूड रात्रंदिवस ताणात असतो. ताणून ताणून तो वाढतो, सैल पडतो. जुन्याच्या मापानं नवा कापला तर पहिल्याच दिवशी पोटासारखा लोंबतो. म्हणून आम्ही खडूच्या रेषेच्या बोटभर आत कापतो. सगळेच कापतात. विचार करायला लागत नाही, कात्री आपोआप आत जाते.

मॉरिसचा हूड मात्र तीस वर्षं घडी होऊन पडला होता. तो वाढला नव्हता. आखडला होता. त्या आखडलेल्या कापडावर मी माप घेतलं आणि वर सवयीनं बोटभर आत कापलं.

गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघितले होते मी. ते जुनं कापड बाजूला टाकून देतात, नवं कापड सरळ गाडीच्या कमानींवर अंथरतात आणि तिथंच खडूनं खुणा करतात. मला वाटलं होतं, येडी आहेत. जुनं माप हातात असताना कशाला एवढा उपद्व्याप.

आणि दुसरं कापड नव्हतं. काकांच्या पोरानं ते पुण्यातनं ऑर्डर करून इंग्लंडहून मागवलेलं. दोन थर, मधे रबर, गुळाच्या रंगाचं. यायला तीन महिने लागलेले. मोजून एका हूडापुरतं. कापल्यावर उरले ते चिंध्या म्हणाव्यात असले तुकडे.

भूपालकाका म्हणजे भूपाल चौगुले. साखर कारखान्यातनं रिटायर झालेले, साठी उलटलेले. मॉरिस त्यांच्या वडलांची, आण्णांची. काकू वारल्यापासून घरात दोघंच, ते आणि त्यांची मोठी बहीण, रत्नमाला अक्का. अक्का सदुसष्ट वर्षांच्या. हायस्कुलात पस्तीस वर्षं शास्त्र शिकवलेलं, लग्न केलं नव्हतं. आणि रविवारी अक्का दीक्षा घेणार होत्या.

काम द्यायला बोलावलं तेव्हा काकांनी शेडमध्ये उभं करून सगळं सांगितलं होतं.

"डोंगरावर कार्यक्रम हाय. पंधरा किलोमीटर. अक्का आण्णांच्या गाडीतनं जाणार. तुला सांगायला नको, एकदा दीक्षा झाली की..."

मला सांगायला नकोच होतं. आम्हां जैनांच्यात पोरासोरांना पण माहीत असतं. दीक्षा घेऊन आर्यिका, म्हणजे साध्वी, झाली की ती बाई आयुष्यभर पायीच चालते. गावोगाव, शेकडो मैल, अनवाणी. गाडीत बसायचं नाही. कधीच.

"म्हंजे ही तिची शेवटची गाडी," काका म्हणाले. "मे महिना. तिचा दोन दिवसांचा उपास असणार. उघड्या गाडीतनं नेली तर उन्हानं चक्कर येऊन पडंल. हूड पाहिजेच. कोल्हापूरचा मिस्त्री दोन महिने म्हणतोय. तुला जमंल?"

"जमंल की," मी म्हटलं होतं.

बुधवारी दुपारी मी शेडच्या दारात बसून त्या 'जमंल की'ला शिव्या देत होतो. तेवढ्यात अक्का आल्या. एका हातात ताकाचा तांब्या, दुसऱ्या हातात प्रेशर कुकर.

"शीतल नाव आणि घाम बघा केवढा," त्या म्हणाल्या. "घे, ताक पी. आणि हा कुकर आईला दे."

"कुकर कशाला अक्का?"

"मला काय करायचाय आता? शिट्टी नवीन हाय. रबर मात्र बदलायला सांग."

रोज काहीतरी वाटत होत्या त्या. शेजारणीला पंखा दिला, भांडीवालीला कपाट, शाळेला पुस्तकं. माझ्यापर्यंत कुकर आला.

त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. मी हूड मागं घडी करून ठेवला होता, वर चादर टाकलेली. माझा जीव त्या चादरीत.

"बघू दे की."

"नको अक्का. झाल्यावरच बघा."

"सरप्राइज व्हय?" त्या हसल्या. "शाळेत पोरं वही अशीच छातीशी धरायची. बहुतेक वेळा आत काय नसायचं."

मी ताक प्यालो. रिकामा तांब्या त्यांच्या हातात दिला.

जोड देता आला असता. पुढं दोन बोटांची पट्टी शिवून लावायची, काम झालं. पण जोड अगदी समोर, काचेच्या वर, आल्यागेल्याच्या डोळ्यांसमोर येणार. आणि काकांना सांगायला लागणार की इंग्लंडचं कापड मी वाया घालवलं. गाव बघणार होतं ती गाडी. 'जयसिंगपूरचा पोरगा, रिक्षावाला, त्यानं केलंय' असं म्हणणार होतं, किंवा 'त्यानं वाट लावलीय' असं. मला पहिलं ऐकायचं होतं. खरं तेवढंच आहे.

गुरुवारी सकाळी कापड पाण्यानं भिजवून ओढून बघितलं. रबराचं कापड, पाणी वरनंच पळून गेलं. उन्हात तापवलं. ट्रकचा माल बांधायचा पट्टा लावून, खटके पाडत ओढलं. एक बोट फट कमी झाली. एक राहिली. आणखी एक खटका पाडला तर शिलाईच्या भोकांतनं उजेड दिसायला लागला. सोडला.

मग माझं लक्ष कमानींवर गेलं.

हूडच्या खाली लोखंडी कमानी असतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. कापड त्यांच्यावर ताणलेलं असतं. कमानी उंच तर छत उंच. कमानी बुटक्या केल्या तर तेच कापड पुढं जास्त पोचणार.

दुपारी काका पत्रिका वाटायला शिरोळला गेले. गल्ली सामसूम. मी पुढची खिळ्यांची ओळ काढली, कापड मागं दुमडलं, ग्राइंडर लावला आणि मधल्या दोन्ही कमानींचे पाय इंच इंच कापले.

लोखंड चांगलं होतं. लवकर कापेना. ठिणग्या सीटवर पडू नयेत म्हणून पोतं टाकलेलं, ते करपायला लागलं. आवाज तर असा की कानात अजून आहे. मधे एकदा मी थांबलो, वाटलं कुणीतरी आलं. कुणी नव्हतं.

कमानी माझ्या मोटरसायकलवर बांधून इरफानचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात नेल्या. चाचांनी एक कमान हातात फिरवली, कापलेल्या तोंडावरनं अंगठा फिरवला.

"हे जुनं काम हाय, बाळ. कुणी कापलं?"

"गंजलं होतं."

"गंज कुठाय?" त्यांनी कापलेलं तोंड माझ्याकडं केलं. आतलं लोखंड चांदीसारखं चकाकत होतं.

मी दुसरी कमान पुढं केली. चाचांनी चष्मा लावला, वेल्डिंग केलं, घासून दिलं. जाताना एवढंच म्हणाले, "असलं परत मिळत न्हाई बरं का. मालकाला माहीत हाय ना?"

"हाय की."

दोन दिवसांत तिसरं खोटं.

शुक्रवारी काळा रंग मारला, कमानी बसवल्या, कापड ओढलं, पट्टा लावला, खटके पाडले. पट्टी चौकटीवर आली. खिट्टी आकड्यात गेली. दुसरी गेली. पट्टा सोडला. 

राहिलं.

बाहेरनं बघितलं तर हूड एक नंबर दिसत होता. एक सुरकुती नाही. पण मला आतलं माहीत होतं. त्या दोन खिट्ट्यांवर एवढा ताण होता की बोट लावलं तर तारेसारख्या थरथरत होत्या. एकदा उघडल्या की हातानं परत लागणार नव्हत्या, पट्टा आणि दोन माणसं लागणार. आणि उघडल्या नाहीत तरी, डोंगराच्या रस्त्याला खड्डे आहेत. खड्ड्यात खिट्टी सुटली तर ती लाकडी पट्टी उलटी उसळणार. बरोबर तिच्या खाली पुढच्या सीटवर दोन डोकी असणार. एक काकांचं. एक अक्कांचं.

शनिवारी काकांनी हूडवर टिचकी मारली. मग सगळी बोटं वाजवली.

"ढोलच की रे!"

त्यांचे डोळे भरले. माणूस बोलायला तसा खडूस, पण त्या दिवशी गाडीवरनं नुसता हात फिरवत राहिले. मग दरवाजा उघडून आत वाकले. "एकदा उघडझाप करून बघू."

"नको!" मी एवढ्या जोरात ओरडलो की काका दचकले. "पंधरा दिवस उघडायचा न्हाई. कापड बसू दे."

"एवढे दिवस बसतंयच व्हय ते?"

"इंग्लंडचं हाय ना."

काका कापडाकडं बघून मान डोलवत म्हणाले, "उद्या तू पण यायचं डोंगरावर. बँडवाल्यांच्या टेम्पोत जागा हाय. सगळ्यांसमोर तुला शाल घालणार हाय मी."

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. आईनं अक्कांच्या कुकरात खिचडी केली होती. शिट्टी झाली की मी दचकत होतो.

आई म्हणाली, "चांगल्या घरचं काम झालं, तोंड का असं?"

"दमलोय."

रविवारी साडेसहाला पोचलो. अंगणात मंडप, पाहुणे, बँडवाले चहा पीत उभे. मॉरिस दारात, बॉनेटवर झेंडूच्या माळा. हूड लावलेला. कालच्यासारखाच ताठ. मी पहिल्यांदा खिट्ट्या बघितल्या. उजवी जरा सरकली होती. केसभर. कदाचित मला तसं वाटलं. मी गाडीजवळनं हललो नाही.

अक्का बाहेर आल्या. रेशमी साडी नेसवली होती, अंगावर दागिने, गळ्यात हार. शेवटचं म्हणून सगळं घालतात. त्यांना ते सगळं टोचत असणार, सारखा हार नीट करत होत्या. घरातनं निघायच्या आधी दीक्षा घेणारं माणूस सगळ्यांची क्षमा मागतं. मी लहानपणापासून बघितलंय. पण ते बघणं लांबनं असतं.

अक्का एकेकापुढं जाऊन हात जोडत होत्या. भावकी, शेजारी, भांडीवाली. भांडीवालीला म्हणाल्या, "दुधाचं पातेलं करपलं त्या दिवशी मी तुला बोलले. ते मीच गॅसवर विसरले होते. क्षमा कर." भांडीवाली पदरात तोंड घालून रडायला लागली. काकांपुढं आल्या तेव्हा काका बघायलाच तयार नव्हते. खाली बघून नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते.

मला वाटलं माझ्यापर्यंत येणार नाहीत. मी कोण? चार दिवसांचा कामगार.

त्या आल्या. गाडीला वळसा घालून, बँडवाल्यांच्या पलीकडं, मी उभा होतो तिथं. हात जोडले. सदुसष्ट वर्षांची बाई, माझ्यापुढं.

"शीतल, मला क्षमा कर."

"अहो अक्का, तुम्ही कशाला..."

"ऐक. गुरुवारी दुपारी माझं सामायिक चाललं होतं. डोळे मिटून ध्यानाला बसले होते आणि तू ते मशीन सुरू केलंस. अर्धा तास. मी तुझ्यावर लई चिडले. मनात नको नको ते बोलले. सांगायला पण लाज वाटती. त्याची क्षमा कर."

 मी गाडीचं दार घट्ट धरलं.

"क्षमा केलीस का? म्हणायला लागतंय तोंडानं."

"अक्का, त्या मशीननं मी कमानी कापल्या."

"कसल्या?"

"आतल्या. तुमच्या आण्णांच्या. कापड मी दोन बोटं कमी कापलं. बसंना म्हणून कमानी कापल्या. काकांना न्हाई सांगितलं. पंधरा दिवस बसू द्यायचं, ते पण खोटं. हा उघडला तर हातानं परत लागणार न्हाई. आणि न उघडता असाच गेला तर रस्त्यात सुटंल की काय म्हणून मी पहाटेपासून..."

बोलताना मी दम घेतच नव्हतो. बँडवाल्यानं ढोल पट्ट्यात अडकवताना एक थाप मारली आणि मी उडालोच.

 अक्कांनी जोडलेले हात खाली घेतले आणि दारातनं आत वाकल्या. उजव्या खिट्टीला बोट लावलं. शास्त्राच्या बाईनं प्रयोग बघावा तसं बघितलं.

"लई ताण हाय."

"व्हय."

"सुटली तर कुठं लागंल?"

मी त्यांच्या कपाळाकडं बघितलं. त्यांना कळलं.

"आणि आता उघडला तर परत लागणार न्हाई म्हणतोस."

"न्हाई लागणार."

"मला परत लावायचाय कुठं?" अक्का म्हणाल्या.

 त्यांनी साडीचा पदर कमरेला खोचला.

"भूपाल!" हाक अशी मारली की मंडपातले सगळे वळले. "हूड काढायचा."

काका धावत आले. "अगं ऊन! तुझा उपास हाय. डोंगरापर्यंत नऊ वाजतील."

"उद्यापास्नं माझ्या डोक्यावर छत्री असणार हाय का? पायात चप्पल? मग आजच्या एका दिवसानं काय होतंय?"

"पण त्याच्यासाठीच तर केलाय! आणि शीतल म्हणतोय पंधरा दिवस उघडायचा न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अक्का पण. त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. मदत नव्हती, राग नव्हता.

"उघडतो," मी म्हटलं.

माझ्याजवळ येऊन अक्का हळू म्हणाल्या, "भूपालला मी सांगणार न्हाई. ते तुझं तू बघ. आणि माझं अजून राहिलंय."

"काय?"

"क्षमा."

"केली, अक्का."

"मी पण केली. चल, उघड."

सगळ्यांना लांब केलं. काकांना वाटलं मी उगंच भाव खातोय. मी सीटवर गुडघे टेकले, तोंड बाजूला केलं, पट्टीवर सगळं वजन टाकून उजवी खिट्टी सोडली. मग डावी. पट्टी हातातनं सुटली आणि अशी मागं गेली की हवा कानाला लागली. कुणीतरी "अरे बाप रे" म्हटलं. मी घडी घातली. कमानी बुटक्या झाल्यामुळं घडी वाकडी बसली. काकांनी ती बघितली. 

अक्का पुढं बसल्या. काकांनी गाडी सुरू केली.

मी मागच्या टेम्पोत, झांजवाल्याच्या गुडघ्याला गुडघा लावून. पंधरा किलोमीटर मला त्यांची पाठ दिसत होती. गावाबाहेर पडल्यावर बँड थांबला, काकांनी वेग वाढवला. अक्कांच्या हारातल्या पाकळ्या सुटून आमच्या टेम्पोच्या काचेवर येत होत्या. एकदा त्यांनी दोन्ही हात वर केले. वाऱ्यात धरले, लहान पोरं एसटीच्या खिडकीतनं धरतात तसे. काकांनी त्यांच्याकडं बघितलं, तेव्हा गाडी रस्त्याच्या कडेला गेली आणि परत मधे आली. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "म्हातारी खुळी झाली जणू." 

रस्त्यात तीन मोठे खड्डे होते. मी मोजले.

डोंगरावरचा कार्यक्रम मी बघितला नाही. माणसं खूप होती आणि मला तिथं उभं राहायचं तोंड नव्हतं. मी गाडीजवळ थांबलो. वरनं जयजयकार ऐकू आला तेव्हा कळलं, झालं.

काका दीड वाजता आले. एकटे. हातात ती रेशमी साडी, घडी केलेली. ती त्यांनी मागच्या सीटवर ठेवली, मग उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली, मग परत पहिल्या बाजूला.

"शाल राहिली रे तुझी," ते म्हणाले.

"राहू दे काका."

"ऊन लई हाय. हूड लाव."

मी हललो नाही. त्यांनी स्वतःच हूड पुढं ओढला. पट्टी थांबली. त्यांनी परत ओढला. मग चौकट आणि पट्टीच्या मधे बघत राहिले.

"येत न्हाई."

"येणार न्हाई काका. मी कमी कापलाय."

सगळं सांगितलं. जुनं माप, बोटभर आत, पट्टा, ग्राइंडर, रंग. ते पट्टीवर हात ठेवून ऐकत होते. कमानी म्हटल्यावर मात्र आत वाकून त्यांनी काळा रंग नखानं खरवडला. खाली वेल्डिंगचा गोळा दिसला.

"दर दसऱ्याला आण्णा ह्यांना तेल लावायचे," ते म्हणाले. "स्वतःच्या हातानं. मला लावू द्यायचे न्हाईत."

"चुकलं काका."

"चुकलं न्हाई. चुकलं ते कापड. हे तू केलंस."

मी मान खाली घातली. हाच फरक मी चार दिवस स्वतःला सांगायचा टाळत होतो.

"अक्काला माहीत होतं?"

"सकाळी सांगितलं."

"म्हणून उघडायला लावला तिनं." ते डोंगराकडं बघत होते. "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मला परत लावायचाय कुठं."

काका हसले. म्हणजे सुरुवात हसण्यासारखी झाली. मग त्यांनी हूड सोडला आणि दोन्ही हात गाडीच्या दारावर ठेवून, खाली मान घालून उभे राहिले. पाठ हलत होती.

"मला लावायचाय की रे," ते म्हणाले. "ती चालली सगळं टाकून. मला लावायचाय. मी हाय अजून, गाडी हाय, घर हाय. मला पावसात लावायला नको?"

"मी लावून देतो. जोड दिसंल, पण लावून देतो. कमानी नव्या करतो, बरोबर जमंपर्यंत..."

"गप." त्यांनी खिशातनं रुमाल काढून तोंड पुसलं, नाक शिंकरलं. "रागावलोय मी तुझ्यावर. उद्या काय बोलायचं ते बोलीन. आज न्हाई जमत."

हूड परत मागं घडी केला. दोघांनी मिळून, वाकडाच. काका स्टिअरिंगवर बसले. बँडवाल्यांचा टेम्पो कधीच गेला होता. मी सवयीनं मागचं दार शोधायला लागलो, ह्या मॉरिसला ते नव्हतंच. पुढची सीट दुमडून मागं जायचं असतं. मी सीटला हात घातला.

"कुठं चाललास?"

"मागं बसतो."

"मागं कशाला? मी ड्रायव्हर हाय व्हय तुझा?"

पुढच्या सीटवर झेंडूच्या चार-पाच पाकळ्या होत्या. मी त्या उचलाव्यात का, टाकाव्यात का, मला कळेना. काकांनी इंजिन सुरू केलं.

"बस म्हटलं ना. एकट्यानं न्हाई जायचं मला."

बसलो. सीट चटका बसेल इतकी तापली होती. मी अंग चोरलं नाही.